मोहोरावरचा करार

बायो, तुझा प्रश्न मनात घोळतोय. क्लबच्या ऑफिसात तू नवीन, आणि येत्या बैठकीत तुलाच मत विचारणार आहेत की एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांचे करार संपायला दोन वर्षं बाकी असतानाच वाढवून टाकावेत का. प्रशिक्षक म्हणतात, आत्ताच बांधून घ्या, नाहीतर पोरं हातची जातील. हिशेबवाले म्हणतात, घाई कसली. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि मध्ये तू. माझं मत आधीच सांगून टाकते, कारणं मागाहून. करार लवकर वाढवावा, पण थोडा वाढवावा. आणि पोरगा गाजत असेल त्या आठवड्यात तर कागद पुढे करूच नये.

मी काही फुटबॉलमधली नव्हे. मी पगाराच्या फायली बघणारी. पण माणसाने राजीनामा टेबलावर ठेवला की त्याच दिवशी साहेबांना त्याची किंमत कळते, हा खेळ मी इतका पाहिलाय की तुझ्या क्लबातला पेच मला परका वाटत नाही. राजीनाम्यानंतर दिलेली पगारवाढ नेहमी महाग पडते, आणि तरी तो माणूस बहुतेक वेळा जातोच.

फुटबॉलमध्ये तर हे घड्याळ नियमातच बसवलेलं आहे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला, आणि करार संपलेला खेळाडू हस्तांतराच्या रकमेशिवाय दुसऱ्या क्लबात जायला मोकळा झाला. त्यात फिफाचा नियम असा की कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार उघडपणे करू शकतो. म्हणजे कागदावर दोन वर्षं दिसत असली तरी तुमच्या हातात खरी दीडच वर्षं. आणि शेवटचं वर्ष लागलं की समोरचे क्लब भाव पाडून मागतात, कारण थोडं थांबलं तर फुकट मिळणार हे त्यांनाही कळतं.

पॉल पोग्बाचं उदाहरण बैठकीत जरूर काढ. मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीतला पोरगा. खेळायला मिळेना, नव्या कराराचं जमेना, आणि २०१२ मध्ये करार संपताच तो युव्हेंटसला गेला. युनायटेडच्या पदरात पडली ती किरकोळ प्रशिक्षण-भरपाई. चार वर्षांनी त्याच पोग्बाला परत आणायला युनायटेडने सुमारे ८.९ कोटी पौंड मोजले, तेव्हाचा जगातला विक्रम. हिशेबवाल्यांना एवढं ऐकवलंस की 'घाई कसली' हा प्रश्न ते निदान पुन्हा विचारणार नाहीत.

पण म्हणून प्रशिक्षकांच्या बाजूने उडी मारू नकोस. आधी हे समजून घे की करार वाढवताना क्लब नेमकं काय विकत घेतो. आपल्याकडे वेंगुर्ल्यात मोहोर बघूनच बाग व्यापाऱ्याला देतात ना, तसंच हे. फळ धरायच्या आधी पैसे हातात येतात, म्हणून बागवाला निर्धास्त. पुढे अवकाळी आली, तुडतुडा पडला, फळ गळलं तर ते व्यापाऱ्याच्या माथी. आणि आंबा भरघोस आला तर फायदाही त्याचाच. लवकर मुदतवाढ घेणारा पोरगा स्वतःच्या गुडघ्याची जोखीम क्लबच्या गळ्यात घालतो, आणि बदल्यात आपल्या चांगल्या वर्षांतला वाटा आज थोडा स्वस्तात देतो. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. क्लबात 'आम्ही त्याच्यावर विश्वास टाकला' अशी भाषा कानावर येईल. ऐकून घे, पण तुझ्या टिपणात ती आणू नकोस.

व्यापारीही डोळे मिटून सौदा करत नाही. कुठली कलमं दरवर्षी धरतात आणि कुठली एक वर्षाआड, हे तो आधीपासून हेरून असतो. क्लबला तर हे आणखी सोपं, कारण पोरगा रोज तुमच्याच मैदानावर येतो. सामन्यातले गोल अख्खं जग बघतं, पण पावसातला सराव, दुखापतीनंतरचा कंटाळवाणा व्यायाम, राखीव बाकावर बसवल्यावरचा चेहरा फक्त तुम्हालाच दिसतो. मुदतवाढीचा निर्णय या माहितीवर घ्यायचा. जी माहिती सगळ्यांकडे आहे तिच्यावर घेतलात, तर भावही सगळ्यांचाच द्यावा लागतो.

बायर लेव्हरकुसेनने फ्लोरियान विर्ट्झच्या बाबतीत नेमकं हेच केलं. पोरगा अठराचा झाला तेव्हा २०२१ मध्ये त्याचा करार २०२६ पर्यंत नेला. मार्च २०२२ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. अशा वेळी बहुतेक क्लब 'आधी बरा होऊ दे, मग बघू' म्हणतात. लेव्हरकुसेनने तो मैदानाबाहेर असतानाच करार आणखी एक वर्षाने वाढवला, २०२७ पर्यंत. फक्त एक वर्ष, बरं का! पुढे २०२३-२४ मध्ये लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकली, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि त्या संघाचा प्राण विर्ट्झ होता. २०२५ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्याच्यासाठी दहा कोटी पौंड आणि वर बोनस कबूल केले, तेव्हाही करारात दोन वर्षं शिल्लक होती. पोरगा गेला, पण फुकट नाही गेला. शिवाय पायाला पट्ट्या असताना क्लबने हात सोडला नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

आता उलटी बाजू. ऑक्टोबर २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या अदनान यानुझायने संडरलंडमध्ये दोन गोल मारले. वय अठरा. सगळ्या वर्तमानपत्रांत तोच. त्याचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता, म्हणून क्लबने त्याच महिन्यात पाच वर्षांचा नवा करार केला. पुढे तो उसनवारीवर डॉर्टमुंडला गेला, मग संडरलंडलाच, आणि २०१७ मध्ये रेआल सोसिएदादला विकला गेला. पोरगा वाईट नव्हता, पण क्लबने आधी वेळ घालवला आणि मग सगळ्यांत महागड्या आठवड्यात घाबरून सही घेतली.

आन्सू फातीचं तर वाईट वाटतं. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाच्या पहिल्या संघात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाल्या. परतला तेव्हा अंगावर मेस्सीचा दहा नंबर, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये २०२७ पर्यंतचा करार. त्याला आधीच सोडवून न्यायचं झालं तर रक्कम १०० कोटी युरो! मग २०२३ मध्ये उसनवारीवर ब्रायटन, २०२५ मध्ये मोनॅको. विर्ट्झलाही दुखापतीच्या काळात क्लबने धरून ठेवलं आणि फातीलाही. पण एकाला एक वर्ष मिळालं, तर दुसऱ्याच्या अंगावर सहा वर्षांचा करार आणि मेस्सीचा नंबर एकदमच चढवले.

बैठकीत कोणीतरी चेल्सीचं नाव काढणारच. त्यांनी मिखाइलो मुद्रिकला जानेवारी २०२३ मध्ये साडेआठ वर्षांचा करार दिला, कोल पामरला २०२४ मध्ये थेट २०३३ पर्यंत नेलं. पामर फळाला आला. मुद्रिकवर डिसेंबर २०२४ मध्ये उत्तेजक चाचणीवरून तात्पुरतं निलंबन आलं. पण चेल्सीच्या लांबलचक करारांमागे हिशेबाची खुबी होती: खेळाडूच्या खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांवर वाटता येते, म्हणून वर्षं जास्त तर दरवर्षीचा खर्च कमी. युएफाने २०२३ मध्ये ही वाटणी पाच वर्षांवर आणून ठेवली. तुमच्या क्लबने तर ही पोरं विकत घेतलेलीच नाहीत, अकादमीत घडवलीत. मग वाटायचं काय?

म्हणून म्हणते, पायरी-पायरीने चला. दोन वर्षं उरली की बोलणी सुरू करायची, एक-दोन वर्षं वाढवायची, पगारात मोजून भर घालायची, आणि पहिल्या संघातल्या सामन्यांच्या संख्येवर पुढची वाढ आधीच लिहून ठेवायची. असं केलं तर ड्रेसिंग रूमही शांत राहते. एकाच पोराला एकदम तिप्पट दिलंत, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्याच बॅचच्या बाकीच्यांचे एजंट तुझ्या दारात उभे राहतील. पगार गुप्त असतो असं फक्त पगार ठरवणाऱ्यांना वाटतं. हे मात्र मी माझ्या अनुभवाच्या जोरावर सांगते हां.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं वेगळं. अठरा पूर्ण नसलेल्याशी फिफाच्या नियमाने तीन वर्षांहून लांब करार चालत नाही, आणि आपल्या कायद्याने अज्ञान मुलाला करार करताच येत नाही. पालकांची सही लागणार. ते पालक म्हणजे कधी म्हापशाची फूलवाली, कधी रत्नागिरीचा रिक्षावाला. त्यांना कागद घरी नेऊ दे. चार दिवस लागले तर लागू देत. 'आजच सही करा' असं म्हणणाऱ्या क्लबवर मी स्वतः पोर सोपवणार नाही, आणि तू त्या क्लबची माणूस होऊ नकोस.

आणि एक गोष्ट बाहेर कोणाजवळ बोलू नकोस, पण मनात ठेव. आपल्याकडे करारातला कच्चा दुवा कधीकधी पोरगा नसतो, क्लबच असतो. पाच वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलेल्या गोव्याच्या डेम्पो क्लबने २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबसोबत आय-लीगमधून अंग काढून घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचंच भवितव्य टांगणीला लागलं, तेव्हा बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणून तू पोरांकडून चार वर्षं मागणार असशील, तर आधी तुमच्या हिशेबवाल्यांना विचार की चार वर्षांचे पगार द्यायची तजवीज आहे का. आणि पगार अमुक महिने थकला तर पोरगा मोकळा, हे कलम ठळक अक्षरांत घालायला लाव. त्याने क्लबचं काही जात नाही, फक्त शब्दाला वजन येतं.

राहता राहिली ती पोरं, ज्यांचा करार तुम्ही वाढवणार नाही. त्यांची यादी प्रत्येक क्लबात असते आणि कोणी मोठ्याने वाचत नाही. अशांना शेवटच्या महिन्यापर्यंत 'बघू, बघू' म्हणत झुलवत ठेवतात, आणि मे महिन्यात एक मेसेज जातो. तोवर दुसऱ्या क्लबांच्या चाचण्या होऊन गेलेल्या असतात, कॉलेजचं एक वर्ष बुडालेलं असतं. ज्या दिवशी तू मुदतवाढीची नावं बैठकीत मांडशील, त्याच दिवशी ही दुसरी यादीही मांड. या पोरांना वर्षभर आधी समोर बसवून, त्यांच्या आई-बापांदेखत सांगा, आणि दुसरा क्लब शोधायला हातभार लावा. लवकर होकार द्यायची अक्कल पैशाच्या धाकाने कुठल्याही क्लबला येते. लवकर नकार द्यायची अक्कल तुमच्या क्लबात तू आण. तेवढं जमलं तरी या नोकरीत तू पगारापलीकडचं काही कमावलंस असं मी म्हणेन.