लोहाची शिदोरी

चि. सायलीस,


आईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, मग बाळाला डब्याचं दूध सुरू करू का, असं तू विचारलं आहेस. पहिलं विधान खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. आईच्या लिटरभर दुधात लोह असतं जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण लिटर पिणाऱ्या बाळाला दिवसाला पाव मिलिग्रॅम. गाईच्या दुधातल्या लोहापेक्षा ते खूपच चांगलं अंगी लागतं, तरी आकडा लहानच. पण पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ शिदोरी बांधूनच येतं: किलोमागे सुमारे 75 मिलिग्रॅम, तीन किलोच्या बाळात सव्वादोनशेच्या आसपास. जन्मानंतर जादा तांबड्या पेशी मोडतात, त्यांतलं लोह साठून राहतं आणि चार ते सहा महिने पुरतं. शिवाय दुधातलं लॅक्टोफेरिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यातल्या जंतूंच्या हाती लागू देत नाही. म्हणजे हा तुझ्या दुधाचा दोष नव्हे. डब्याच्या दुधात लोह घातलेलं असतं हे खरं. पण डबा आला की अंगावर पिणं कमी होतं, आणि पिणं कमी झालं की दूधही कमी येतं. आणि हो, अहळिवाचे लाडू खुशाल खा, पण स्वतःसाठी. आईने खाल्लेलं लोह दुधात फारसं उतरत नाही.

आता दुसरी बाजू. दूध चांगलं येतंय, मग वर्षभर तेच पुरे, हे तुझ्या सासूबाईंचं म्हणणंही मला पटत नाही. सहा महिन्यांच्या सुमाराला बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट झालेलं असतं, शिदोरी सरत आलेली असते आणि रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात पोचावं लागतं. पाव मिलिग्रॅम सगळंच्या सगळं शोषलं गेलं तरी हिशेब जुळत नाही. गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून देणं तर आणखी वाईट: त्यात लोह नगण्य, त्यातलं कॅल्शियम शोषणाच्या आड येतं आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडं रक्तही जातं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, दोन वर्षं चालू दे; त्याच्या जोडीला अन्न हवं. अन्न म्हणजे वरणाच्या वरचं पाणी नव्हे. डाळ तळाशी राहते, वाटीत येतं ते पिवळं पाणी. घट्ट वरणभात कुसकरून दे, वर लिंबाचे दोन थेंब पिळ. त्याने डाळीतलं लोह नीट शोषलं जातं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळ, म्हणजे लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. घरात चालत असेल तर मऊ शिजवलेला खिमा किंवा कलेजी. त्यातलं लोह सगळ्यांत सहज लागू पडतं. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र नकोच.

‘आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?’ असं कुणीतरी म्हणेल. त्यांना हे आकडे सांग. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. बोटातून घेतलेल्या थेंबाने हा आकडा फुगतो, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण शिरेतून रक्त घेऊन केलेल्या 2016-18च्या देशव्यापी पाहणीतही एक ते चार वर्षांची 41 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होतो असं नाही, तरी मोठा वाटा त्याचाच.

म्हणूनच ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप देतात, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. शी काळी झाली तर घाबरू नकोस. ताप किंवा जुलाब असताना थांब आणि सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचार. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिदोरीच तोकडी असते, त्याला लोहाचे थेंब बरेच आधी लागतात. तुझ्या बाळाचा तो प्रश्न नाही.

उष्टावणाचा मुहूर्त पुढचा निघाला तर समारंभ तेव्हा थाटात करा. वाटी-चमचा मात्र सहा महिने भरले की लगेच काढ.

तुझी,
मावशी