रेडिएटर बदलण्यापूर्वी

मोटारीचा गळका रेडिएटर काढून नवा बसविणे हे काम घरच्या अंगणातही करता येते. थोडे बोल्ट, रबरी नळ्या आणि एक पंखा, एवढाच पसारा. पण जाणता माणूस सुरुवात पान्याने करीत नाही. इंजिन पुरते थंड होईपर्यंत तो स्वस्थ बसून राहतो. असे का बरे?

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारण एक-तृतीयांश इंजिनाभोवती खेळविलेल्या पाण्याला मिळते. हे तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते. नळ्यांना धातूच्या पातळ पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यांवरून वाहणारी हवा उष्णता घेऊन जाते. (रेडिएटर म्हणजे प्रारण करणारा, पण हे नाव फसवे आहे. येथे बहुतेक काम वहन आणि अभिसरण यांचेच असते.)

आता रेडिएटरचे टोपण पाहा. त्याच्या आत स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. पुष्कळ मोटारींत आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण अधिक होईपर्यंत ती उघडत नाही. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचीच ही युक्ती! दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. एवढ्या दाबाखाली पाणी १२०° सें. च्या आसपास उकळते. म्हणून ११०° सें. तापमानालाही ते निमूटपणे द्रवरूपात राहते.

अशा वेळी कोणी टोपण फिरविले तर? दाब एकदम उतरतो आणि उत्कलनबिंदू १००° सें. वर येतो. प्रत्येक ग्रॅम पाण्याजवळ सुमारे १० कॅलरी उष्णता जास्तीची ठरते. बाष्पनाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ५४० कॅलरी. म्हणजे एक लिटर पाण्यातील जेमतेम १८ ग्रॅम पाण्याची वाफ होईल. थोडीच वाटते ना? पण वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापते. त्या १८ ग्रॅमांची वाफ झाली ३० लिटर! ती क्षणात बाहेर पडताना उकळते पाणीही तोंडावर उडविते. अशा भाजण्याने डोळेही जाऊ शकतात.

तेव्हा इंजिन गार झाल्यावरच, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, पुढचे काम. आधी बॅटरीची तार सोडवावी, कारण विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. मग खालचे बूच उघडून पाणी पसरट भांड्यात काढावे. जुन्या नळ्या चिकटून बसतात. त्या हिसकू नयेत. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरांची टाकी प्लॅस्टिकची असते, तिची मान पटकन तुटते.

नवा रेडिएटर बसवून भरल्यावर कोठेतरी हवा अडकून राहतेच. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती बाहेर काढावी आणि पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले कूलंट मात्र गटारात ओतू नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी आहे. कुत्र्या-मांजरांनी थोडे चाटले तरी त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.