शुश्रूषा करणाऱ्यांचे दुःख

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. त्यासाठी माणसे पाळीपाळीने राबतात. कारखान्याच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयालाही रात्र अशी नसतेच. पाळी संपली की कामगार भट्टीचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवितो. परंतु बालकांच्या अतिदक्षता विभागात जिच्या डोळ्यांदेखत नुकतेच एक मूल गेले, त्या परिचारिकेने घरी जाताना आपले दुःख कोणाच्या हाती सोपवावे? हा प्रश्न जितका भावनेचा, तितकाच शास्त्राचाही आहे.

अतिदक्षता उपचारांच्या उगमाशीच हा प्रश्न उभा आहे. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेग्डॅम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यापाशी श्वासनलिकेस छिद्र पाडून, रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची रीत योजिली. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून श्वास पुरवू लागले, आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळच उतरले. तरीही काही रुग्ण गेलेच. आणि त्या रुग्णांत मुले पुष्कळ होती. ज्याच्या हाताने एखाद्या मुलाला तासन्‌तास श्वास दिला, त्याला तो मृत्यू परका कसा वाटावा?

आता शास्त्रज्ञ या क्लेशाचे प्रकार वेगळे करून पाहतात. मूल गेल्याचे दुःख स्वाभाविक आहे. तो दुबळेपणा नव्हे. तथापि असे आघात वारंवार होत राहिले आणि विसावा मिळाला नाही, तर झोप उडते, चिडचिड वाढते आणि पुढच्या रुग्णाविषयी मन कोरडे पडू लागते. यास ‘करुणेचा थकवा’ म्हणतात. योग्य काय ते कळत असूनही परिस्थितीमुळे तसे करता येत नाही, तेव्हा होणाऱ्या यातनेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली ‘नैतिक क्लेश’ हे नाव दिले.

यावर उपाय साधे आहेत. अमेरिकेतील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रूढ केलेल्या प्रथेनुसार, मृत्यूनंतर सर्व उपस्थित क्षणभर स्तब्ध उभे राहतात. गेलेल्या जीवाला आणि झालेल्या श्रमांना तो मान असतो. आईबापांना मूल कुशीत घेऊ द्यावे; त्यांचा निरोप नीट झाला, तर शुश्रूषा करणाराही थोडा हलका होतो. काही दिवसांनी सर्वांनी एकत्र बसून, कोणावर ठपका न ठेवता, काय घडले याची चर्चा करावी. आणि शक्य असेल तेथे, त्याच परिचारिकेला लगेच दुसऱ्या अत्यवस्थ मुलाकडे धाडू नये.

मात्र हे सारे व्यक्तीच्या धीरावर सोडून भागणार नाही. भट्टीची डागडुजी जशी वेळापत्रकात बसविलेली असते, तशीच या माणसांच्या विसाव्याची तरतूद रुग्णालयाच्या व्यवस्थेतच हवी. कारण शेजारच्या खाटेवर दुसरे मूल असते, आणि त्याला याच हातांची गरज असते.