दोघांची चाल, एकाचा पेच

फोर्ट विल्यमच्या भोवतीचे विस्तीर्ण मैदान मुळात खेळासाठी राखलेले नव्हते. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, नव्या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ झाला, तेव्हा चालून येणारा शत्रू तोफांच्या माऱ्यात सापडावा म्हणून भोवतालचे जंगल तोडून ही जागा मोकळी करण्यात आली. किल्ल्याला आता ‘विजय दुर्ग’ असे नाव देण्यात आले आहे. मैदानावर मात्र फुटबॉलचे राज्य आहे.

२९ जुलै १९११ रोजी याच मैदानावर आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना झाला. मोहन बागान संघातील अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. समोर बूट घातलेले ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे गोरे सैनिक होते. पहिला गोल सैनिकांनी केला. कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असता त्यांनीच दिलेल्या चेंडूवर अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. शिवदास डाव्या कडेला खेळत व त्यांच्या लगत आतल्या बाजूस त्यांचे बंधू विजयदास असत. अंगबळाने धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला हटविणे ज्यांना शक्य नसते, त्यांच्यापुढे चेंडू एकमेकांकडे सोपवीत पुढे सरकणे हाच मार्ग उरतो. अशी जोडी घडवावी कशी, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

चालीचे तत्त्व साधे आहे. दोन आक्रमकांसमोर एकच रक्षक असेल, तर त्याला दोन्ही कामे एकाच वेळी करता येत नाहीत. तो चेंडूवर धावून आला तर जोडीदार मोकळा राहतो; जोडीदाराकडे सरकला तर चेंडूवाल्याची वाट मोकळी होते. म्हणजे चेंडू कोठे जाणार हे वस्तुतः रक्षकच ठरवीत असतो. प्रशिक्षकाने पायाच्या आधी डोळ्याला शिकवावयाचे असते, ते याचसाठी.

सरावासाठी सुमारे वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद पट्टा आखावा. आरंभी रक्षकाने केवळ चालत यावे. चेंडूवाल्याने थेट त्याच्या रोखाने जावे आणि दोन पावलांचे अंतर उरले की त्याच्या पुढच्या पायाकडे पाहावे. त्या पायावर भार पडला की चेंडू सोडण्याची वेळ झाली. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे उतावीळपणा. चेंडू लवकर दिला, तर रक्षक सहज वळून जोडीदाराला गाठतो आणि दोघांच्या चालीचा लाभ नाहीसा होतो. चेंडू जोडीदाराच्या पायावर नव्हे, तर त्याच्या धावेच्या पुढे पडावा. देणाऱ्याने उभे राहून पाहत न बसता रक्षकाच्या पाठीमागे धाव घ्यावी.

जोडीदाराने ऑफसाइडचे भान ठेवले पाहिजे. त्या काळी पुढे असलेल्या खेळाडूच्या व गोलरेषेच्या दरम्यान तीन प्रतिस्पर्धी असणे आवश्यक होते. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आणण्यात आली. तथापि, चेंडू सुटण्यापूर्वी घेतलेली अधीर धाव आजही फुकट जाते. ही सवय अंगवळणी पडल्यावर रक्षकास पूर्ण वेगाने खेळू द्यावे. त्यानंतर दुसरा रक्षक व मधला आघाडीचा खेळाडू यांची भर घालावी.

हेच तत्त्व अमेरिकन फुटबॉलमध्येही आढळते. तेथे १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. ‘स्मॅश’ नावाच्या चालीत एक खेळाडू थोडे अंतर धावून थांबतो, तर दुसरा त्याच्यापलीकडे लांब कोपऱ्याकडे धावतो. चेंडू फेकणारा कडेच्या रक्षकावर नजर ठेवतो. तो पुढे आला तर चेंडू त्याच्या डोक्यावरून लांब जातो. मागे हटला तर जवळच्याला मिळतो. फरक इतकाच की, तेथे प्रत्येकाची धाव खेळ सुरू होण्यापूर्वी ठरलेली असते. मैदानावरील फुटबॉलमध्ये ती धावता धावता ठरवावी लागते.

म्हणूनच केवळ चाल पाठ करून घेणारा प्रशिक्षक अर्धेच काम करतो. प्रत्येक फेरीनंतर त्याने मुलांना एकच प्रश्न विचारावा: ‘रक्षक कोणीकडे गेला होता?’ ज्याला याचे उत्तर देता येते, त्याचा चेंडू आज चुकला तरी उद्या चुकणार नाही.