घातांकांची उकल

आपण पडलो कला शाखेचे विद्यार्थी. दहावीनंतर बीजगणिताला कायमचा रामराम ठोकला, असे आपल्याला वाटते. पण सुट्टीत गावी गेलो की सातवी-आठवीची मुले वही घेऊन दारात उभी राहतात, कारण आपण 'कॉलेजात' असतो. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे आजीजवळ राहिलेल्या मुलाने गणित विचारावे कोणाला? म्हणून हा छोटासा धडा.

घातांकांचे नियम मुलांना पाठ असतात. पण बेरीज केव्हा करावी आणि गुणाकार केव्हा, येथे घोडे पेंड खाते. याची उकल आपल्या जुन्या शब्दांतच आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. 'बीजगणित' हा त्यांच्या ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी'चा एक भाग. आपले गाव त्यांनी 'विज्जडविड' असे सांगितले आहे. ते म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात, तर काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. जुन्या भारतीय बीजगणितात दुसऱ्या घाताला 'वर्ग' आणि तिसऱ्याला 'घन' म्हणत. पाचव्या घाताचे नाव होते 'वर्गघनघात'. येथे 'घात' म्हणजे गुणाकार. वर्गाला घनाने गुणले, म्हणून २ + ३ = ५. सहाव्याचे नाव 'घनवर्ग', म्हणजे घनाचाच वर्ग; म्हणून ३ × २ = ६. दोन्ही नियम या दोन नावांत आले!

आता पडताळा पाहू. २ चा वर्ग ४, घन ८. त्यांचा गुणाकार ३२, म्हणजे २ चा पाचवा घात. ८ चा वर्ग मात्र ६४, म्हणजे २ चा सहावा घात. भागाकारात घातांक वजा होतात : ३२ ला ८ ने भागले की ४, आणि ५ − ३ = २. आठाला आठानेच भागले तर १ येतो व घातांक उरतो शून्य. म्हणून २ चा शून्यावा घात १.

एक उदाहरण सोडवू. 'अ' च्या घनाचा वर्ग करा, त्याला 'अ' च्या चौथ्या घाताने गुणा आणि सातव्या घाताने भागा. ३ × २ = ६; ६ + ४ = १०; १० − ७ = ३. उत्तर 'अ' चा घन. 'अ' च्या जागी २ घातल्यास ६४ × १६ = १०२४, भागिले १२८, बरोबर ८.

दोन पथ्ये पाळावीत. पाया एकच असेल तरच घातांक मिळवावेत किंवा वजा करावेत. आणि पदांमध्ये अधिक चिन्ह असेल तर त्यांना हातच लावू नये. ४ + ८ = १२ होतात, ३२ नव्हे.

मित्रहो, मुलाच्या वहीत उत्तर लिहून देऊ नका. त्याच्याकडूनच २ × २ × २ असे उलगडून मांडून घ्या आणि मोजायला लावा. पुढे आपण गावात नसलो, तरी विसरलेला नियम तो पाटीवर पुन्हा उभा करील.