फुटबॉलपटू निवडतात कसे, घडवितात कसे?

वसईतील होळी, पापडी, सांडोर, गिरीज या भागांत फुटबॉल हा नवा खेळ नव्हे. भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाली की मुलांच्या पायांत चेंडू येतो. शाळांची मैदाने आणि चर्चची आवारे तर वर्षभर गजबजलेली असतात. या परिसरातील पालक बोलता बोलता हमखास एक प्रश्न विचारतात, तो असा की, ‘मुलगा खेळतो चांगला; पण पुढे काय?’

एके काळी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आर.सी.एफ., पश्चिम रेल्वे अशा आस्थापनांचे संघ हारवुड लीगमध्ये उतरत असत. चांगला खेळणाऱ्या तरुणाला तेथे नोकरी मिळे. सकाळी कूपरेजवर सराव, दुपारी हजेरीपटावर सही आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी, असा तो सुरक्षित मार्ग होता. गिरण्या बंद पडल्या, आस्थापनांनी संघ आवरते घेतले आणि हा मार्ग अरुंद झाला. त्याची जागा आता व्यावसायिक क्लबने घेतली आहे. क्लब नोकरी देत नाही, तो ठरावीक मुदतीचा करार करतो. या करारापर्यंत पोहोचण्याची वाट बहुधा क्लबच्या प्रबोधिनीतून जाते. म्हणून ही प्रबोधिनी चालते कशी, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘फुटबॉल ॲकॅडमी’ अशी पाटी लावलेली प्रत्येक संस्था या अर्थाने प्रबोधिनी नसते. महिन्याची फी घेऊन आठवड्यातून दोन-तीन दिवस शिकविणारे वर्ग शहरांत पुष्कळ आहेत. मुलाला व्यायाम व्हावा, खेळाची गोडी लागावी, या दृष्टीने ते उपयुक्तही आहेत. परंतु खऱ्या प्रबोधिनीत व्यवहार उलटा असतो. तेथे संस्था मुलाची निवड करते, त्याच्या निवास, आहार, शिक्षण व प्रशिक्षणाचा खर्च सर्वस्वी किंवा बव्हंशी स्वतः उचलते आणि काही वर्षांनी वरिष्ठ संघासाठी खेळाडू मिळेल अशी अपेक्षा ठेवते. पैसा कोणत्या दिशेने वाहतो, एवढे पाहिले तरी संस्थेचे स्वरूप पुरेसे कळते.

कल्पना कोठून आली?

युरोपातील क्लबांनी ही पद्धत रुळविली. स्पेनमधील बार्सिलोना क्लबने १९७९ मध्ये मैदानाशेजारचे एक जुने शेतघर बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह म्हणून उघडले. ‘ला मासिया’ हे त्याचे नाव पुढे जगभर झाले. त्याच देशातील ॲथलेटिक बिल्बाओचे उदाहरण अधिक बोधप्रद वाटते. बास्क प्रांतात जन्मलेले किंवा तेथे घडलेले खेळाडूच घ्यावयाचे, असा या क्लबचा परिपाठ आहे. बाहेरून खेळाडू विकत घेण्याची वाट स्वतःच बंद केल्यामुळे त्याला गावोगावच्या शाळांकडे व लहान क्लबांकडे बारकाईने पाहावे लागते.

आपल्या देशात जमशेदपूर येथे १९८७ मध्ये टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली. गोव्याचा बचावपटू महेश गवळी तिचाच विद्यार्थी. गोव्यात १९९९ मध्ये सेसा अकादमी स्थापन झाली. महाराष्ट्रात पुणे एफसी या क्लबने २०११ मध्ये प्रबोधिनी काढली आणि तिच्या मुलांनी कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही मिळविले. नवी मुंबईत घणसोली येथे २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची ‘यंग चॅम्प्स’ ही निवासी संस्था आहे. ती कोणत्याही एका क्लबची नाही. तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलांना वेगवेगळ्या क्लबांनी करारबद्ध केले आहे.

निवड : नजर आणि कागद

प्रबोधिनीचे निवडकर्ते मुले शोधतात ती मुख्यतः तीन ठिकाणी : आंतरशालेय स्पर्धा, जिल्हा व राज्य संघांच्या निवड चाचण्या आणि क्लबने स्वतः जाहीर केलेल्या खुल्या चाचण्या. यांतील खुली चाचणी सर्वांत गाजते. पण मुलाची खरी पारख होण्याचे ते सर्वांत कमी भरवशाचे ठिकाण होय. शेकडो मुले, एक मैदान आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटे. अनोळखी सोबत्यांबरोबर खेळताना जो तो चेंडू स्वतःजवळ ठेवून कौशल्य दाखवू पाहतो. जाणता निवडकर्ता म्हणूनच मुलाला त्याच्या नेहमीच्या संघातून, खऱ्या सामन्यात आणि एकाहून अधिक वेळा पाहतो.

तो पाहतो तरी काय? प्रेक्षकांच्या टाळ्या गोलला आणि लांब फटक्याला पडतात. निवडकर्त्याची नजर चेंडू येण्याच्या आधीच्या क्षणावर असते. मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहून घेतो का, चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या जागेकडे वळवितो का, चेंडू हिरावला गेल्यावर कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे धावतो, याची तो नोंद घेतो. हॉलंडच्या आयॅक्स क्लबने आपली कसोटी तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग अशा चार शब्दांत बांधली आहे. यांतील वेग लहानपणीच दिसतो, तंत्र शिकविता येते. समज आणि व्यक्तिमत्त्व ओळखणे मात्र कठीण असते.

यानंतर येतो वयाचा प्रश्न. वयोगट जन्मवर्षावर ठरतो. एकाच वर्षी जानेवारीत व डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच गटात येतात. पण बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे चांगली चार बोटे उंची आणि बरीचशी ताकद. त्यामुळे जगभरच्या प्रबोधिन्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांची संख्या प्रमाणाबाहेर आढळते. मोठ्या दिसणाऱ्या मुलाला गुणी समजण्याची ही चूक प्रशिक्षित नजरेकडूनही होते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून देण्याची पद्धत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गुरुजींनी सोय म्हणून लिहिलेली ती तारीख आयुष्यभर कायम राहते. त्यातच स्पर्धेत वरचढ ठरावे म्हणून वय मुद्दाम कमी दाखविण्याचे प्रकारही घडतात. यावर उपाय म्हणून डाव्या मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेसाठी जागतिक महासंघ २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी करीत आला आहे. वय चोरून मिळालेले पदक एक-दोन वर्षे शोभा देते. मग बरोबरीच्या मुलांशी गाठ पडते आणि खेळाडू उघडा पडतो. तोपर्यंत एका खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा गेलेली असते. जन्मनोंदणीचा मूळ दाखला जपून ठेवणे आणि शाळेतील तारीख त्याच्याशी जुळवून घेणे, ही तयारी पालकांनी चाचणीच्या बऱ्याच आधी करावी.

घडण

बाराव्या वर्षापर्यंत मुलाला अकरा जणांच्या पूर्ण मैदानावर उतरवू नये, असे आता सर्वमान्य झाले आहे. पाच किंवा सात जणांच्या संघात, छोट्या मैदानावर, त्याच वेळात चेंडू पायाला कितीतरी अधिक वेळा लागतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ या नावाने लहान संघांच्या स्पर्धांना उत्तेजन दिले, ते याच विचाराने. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाची उंची झपाट्याने वाढते. मुलींच्या बाबतीत हे साधारण दोन वर्षे आधी घडते. हाडे पुढे जातात, स्नायू मागे राहतात, गुडघ्याखाली दुखू लागते आणि कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अडखळू लागतो. अशा वेळी सराव कमी करणे हेच शहाणपण होय. चांगल्या प्रबोधिनीत दर काही आठवड्यांनी उंची-वजनाची नोंद ठेवतात ती यासाठी. ‘दुखले तरी खेळ’ म्हणणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी त्याच्यापासून मूल दूर ठेवावे.

पंधराव्या वर्षानंतर जागा ठरतात. कोणी बचावफळीत, कोणी मधल्या फळीत, कोणी बगलेवर. सकाळी मैदान, नंतर शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान किंवा व्यायामशाळा, असा दिवस असतो. परंतु घडण खरी होते ती सामन्यांत. वर्षातून एखादी बाद पद्धतीची स्पर्धा खेळून, पहिल्याच सामन्यात हरून घरी येणाऱ्या मुलाची प्रगती होणे अवघड. कनिष्ठ वयोगटांच्या लीग आणि २०२२ पासून सुरू झालेली विकास लीग यांचे महत्त्व या कारणाने मोठे आहे. प्रबोधिनीत किती दिवे लावले आहेत, हिरवळ नैसर्गिक की कृत्रिम, हे पालक हौसेने पाहतात. वर्षाला मुलगा किती सामने खेळेल, हे विचारणारे विरळा.

आणि दरवर्षी काही मुलांना घरी पाठविले जाते. ही या व्यवस्थेची कठोर बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तेराव्या वर्षी निवडलेल्या तुकडीतील मूठभरच मुले वरिष्ठ संघापर्यंत पोहोचतात. बाकीच्यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी, नेमके दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर, परत यावे लागते. त्यांचे शिक्षण नियमित चालू राहिले असेल तरच हे परतणे सोसवते.

महाराष्ट्राचा अनुभव

कोल्हापूरचा अनिकेत जाधव हे आपल्या राज्यातील लक्षणीय उदाहरण. पेठापेठांतील तालमींचे संघ हे त्या शहराचे वैशिष्ट्य. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. त्या वातावरणातून आलेला हा मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेथून पुणे एफसीच्या प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा बचावपटूही होता. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हाही पुण्याच्याच प्रबोधिनीत वाढला. २०१६ मध्ये तो स्पेनच्या व्हिलारिआल क्लबकडे गेला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला.

मात्र ज्या संस्थेने हे दोन खेळाडू घडविले ती आज कोठे आहे? पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये बंद झाला. प्रबोधिनी एफसी पुणे सिटीकडे गेली. तो क्लबही २०१९ मध्ये मावळला. त्यापूर्वी २०१० मध्ये महिंद्र युनायटेड आणि २०१७ मध्ये मुंबई एफसी यांनी खेळ थांबविला होता. या क्लबांनी केलेले काम कमी मोलाचे होते असे नाही. परंतु मूल घडण्यास दहा वर्षे लागतात आणि क्लबचा ताळेबंद दर मार्चअखेर तपासला जातो, ही विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. क्लब बंद होतो तेव्हा वरिष्ठ खेळाडू दुसरा करार शोधतो. वसतिगृहातील चौदा वर्षांच्या मुलाला मात्र ट्रंक उचलून गावी यावे लागते.

या पार्श्वभूमीवर शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेचे महत्त्व जाणवते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे क्रीडा संकुल उभे राहिले, त्याचा आधार या योजनेला लाभला. लहान वयातील मुलांची उंची, वजन, धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन अशा चाचण्यांवरून निवड होते आणि निवडलेल्यांच्या निवास, शिक्षण व प्रशिक्षणाची सोय शासन करते. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळविण्याचा ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम झाला. पुढे जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी सहकार्य होऊन चौदा वर्षांखालील मुलांच्या राज्यव्यापी स्पर्धेतून निवडलेली वीस मुले प्रशिक्षणासाठी त्या देशी गेली. एका दिवसाच्या उत्सवापेक्षा वर्षभर चालणारी तालुका लीग अधिक फळ देईल, असे मात्र म्हणावेसे वाटते.

गावच्या क्लबचा वाटा

जागतिक महासंघाच्या नियमांत एक तरतूद आहे, तिची माहिती आपल्या गावोगावच्या मंडळांना क्वचितच असते. खेळाडू पैशाच्या मोबदल्यात एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला तर त्या रकमेतील ५ टक्के रक्कम १२ ते २३ या वयात त्याला घडविणाऱ्या सर्व क्लबांत वाटावयाची असते. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का आणि पुढील आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का, असा हिशेब आहे. म्हणजे एक कोटी रुपयांचा व्यवहार झाला तर पहिली चार वर्षे मुलाला खेळविणाऱ्या क्लबला एक लाख रुपये मिळू शकतात. अट एकच : त्या काळात मुलाची नोंदणी त्या क्लबच्या नावावर असली पाहिजे. होळीसारख्या ठिकाणच्या मंडळाने राज्य संघटनेशी संलग्न होऊन आपली मुले महासंघाच्या संगणकीय नोंदवहीत चढविली नाहीत, तर मुलगा कितीही मोठा झाला तरी कागदोपत्री तो त्यांचा ठरत नाही.

अठरा वर्षांखालील खेळाडूला परदेशी क्लबमध्ये नेण्यास हेच नियम, मोजके अपवाद सोडता, मनाई करतात. तेव्हा ‘पंधरा वर्षांच्या मुलाला युरोपात करार मिळवून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणारा मध्यस्थ भेटल्यास पालकांनी त्याला दारातूनच परत पाठवावे.

वसई रोडहून चर्चगेट सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि घणसोली त्याहून आडवळणाची. बारा वर्षांच्या मुलाने सरावासाठी रोज हा प्रवास करावा, असे कोणी सुचवू नये. त्या वयात गावातील मैदान, शाळेचा संघ आणि भरपूर सामने एवढे पुरे. तेराव्या-चौदाव्या वर्षी निवासी प्रबोधिनीचा विचार करावा आणि त्या वेळी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात : मुलगा कोणत्या शाळेत जाणार, दुखापतीचा खर्च कोण करणार, वर्षाला सामने किती, संस्थेला महासंघाची मान्यता आहे काय आणि मुलाला मधूनच परत पाठविल्यास शाळेचे चालू वर्ष पूर्ण करून देणार काय. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची माहिती तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे व पालघर येथील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. चाचणीला जाताना जन्मदाखला, आधारपत्र आणि शाळेचे प्रमाणपत्र यांवरील नाव व तारीख अक्षरशः एकसारखी असल्याची खात्री करून घ्यावी.