आधी वही काढ गं

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून धड बोलता आलं नाही. पण तुझं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. "ताई, महिन्याला तीस हजार मी आणू कुठून?" नाशिकच्या त्या सेवा केंद्राने आईला ठेवून घ्यायचा आकडा सांगितला आणि तू तिथेच गळाठलीस.

बघ, आकडा काही खोटा नाही. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला तेव्हा मीही नाशिकला तीन ठिकाणी विचारलं होतं. अंथरुणावरच्या माणसाचे महिना 25 ते 30 हजार, डायपर आणि औषधं वेगळी, वर दोन महिन्यांची अनामत. फोन ठेवून मी गवार निवडायला बसले, तर देठं पातेल्यात आणि शेंगा केराच्या टोपलीत. दोन दिवस रडूनही झालं. मग आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी मला एक शंभर पानी वही आणून दिली आणि म्हणाल्या, "पैसे मागाहून मोज, आधी दिवस मोज."

तेच आता मी तुला सांगतेय. "आईला कुठे ठेवायचं" हे बाजूला ठेव आणि आईचा पहाटेपासूनचा दिवस लिहून काढ. उठवणं, तोंड धुणं, संडासला बसवणं, अंघोळ, पेज भरवणं, कूस बदलणं, रात्री पाणी देणं. प्रत्येक कामासमोर दोन गोष्टी लिही, किती वेळ लागतो आणि सध्या ते कोण करतं. तुझ्या आईची उजवी बाजू गेलीय, पण बोलणं स्वच्छ आहे, डाव्या हाताने ती जेवते. म्हणजे तिला चोवीस तास नर्स नकोय गं. तिला सकाळी दोन तास जोर असलेले हात हवेत, दुपारी तासभर, संध्याकाळी तासभर, आणि रात्री हाक ऐकू येईल इतक्या जवळ झोपणारं माणूस. केंद्रवाले तीस हजारात हेच विकतात, फक्त त्यावर फरशी आणि लिफ्ट असते.

आता ती वही वाच. मला न बघताही माहीत आहे, प्रत्येक ओळीसमोर एकच नाव असणार. तुझी धाकटी भावजय.

खरं सांगू का, इथेच आपण सगळ्या चुकतो. तू नाशिकला, दादा विरारला, दोघं जमेल तसं कधी हजार, कधी दोन हजार पाठवता आणि "आम्ही बघतो आईचं" असं म्हणता. आईला उचलून बसवते ती खोडाळ्याच्या बाजूच्या त्या पाड्यावरची पोरगी, आणि तिच्या हातात एक रुपया पडत नाही. पुन्हा आवणीच्या दिवसांत तिला शेतातही जायचंच असतं. तेव्हा आई सकाळची ओली दुपारपर्यंत तशीच पडून राहते, याचा दोष कुणाला देणार?

दिवाळीनंतरची गोष्ट तर आणखी अवघड. तुझा भाऊ आणि भावजय भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ते पावसाळा तोंडावर आला की परततात. भट्टीवर मजूर जोडीने धरतात, उचलही जोडीचीच मिळते, आणि एकदा उचल घेतली की माघार नाही. म्हणून भावजयीशी बोलायचं ते दिवाळीनंतर नव्हे, उचल घेण्याआधी. तिला सरळ विचार, "तू यंदा थांबशील का? महिन्याला इतके देऊ." एकट्याला उचल कमी मिळेल म्हणून भाऊ कुरकुर करणार. करू दे. तेवढी तूट भरून काढायचं बोलणंही त्याच बैठकीत करून टाका.

इतके म्हणजे किती? मी एक साधी रेघ आखलीय. रोजगार हमीवर आपल्या राज्यात 2025-26 ला दिवसाची मजुरी 312 रुपये होती. माती उपसणाऱ्या बाईला सरकार जे देतं, त्याहून कमी पैसे आईचं अंग पुसणाऱ्या बाईला द्यायचे नाहीत. तीस दिवसांचे 9,360 झाले. डायपर, साबण, तेल, पावडर धरून 2,000. जाणं-येणं, किरकोळ, 1,000. सगळं मिळून 12,360. आता यातून आईचे सरकारी दीड हजार वजा कर, त्याचं पुढे सांगते. राहिले 10,860. दादाचे निम्मे, तुझे निम्मे, प्रत्येकी 5,430 रुपये. हा आकडा त्या तीस हजारांशेजारी ठेवून बघ आणि मग मला फोन कर. कमी नाही, मलाही कळतं, पण याने माणूस खचत नाही.

"घरच्या बाईला कसले पैसे?" असं दादा म्हणेलच. आमच्याकडेही नणंदेने म्हटलं होतं. मी म्हटलं, बरं, मग तू ये महिनाभर. विषय संपला. आणि पैसे भावाच्या खात्यात नको, भावजयीच्या नावाच्या खात्यात टाक. कारण मी सांगायला नको, तू शहाणी आहेस.

आता सरकारी पैसे. आई 72 ची, नोकरीचं पेन्शन नाही, म्हणजे श्रावणबाळ योजना. 65 च्या पुढच्या निराधार माणसाला महिना 1,500 रुपये मिळतात. 2023 पर्यंत हजारच होते. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं तर काम सोपं होतं. अर्ज मोखाड्याच्या तहसीलला करायचा, माझ्या जव्हारला नव्हे. मी एकदा आमच्या कामवाल्या मावशींना घेऊन भलत्याच तालुक्याच्या रांगेत दीड तास उभी होते! आणि शनिवारी मुळीच जाऊ नकोस, सरकारी कचेरी बंद असते. त्या कुलपाचंही दर्शन मी घेतलेलं आहे.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आईचे पैसे अंगठा लावून निघतात आणि आपल्या बायकांचे अंगठे असतात कुठे? जन्मभर नागलीची रोपं उपटून आणि भारे बांधून बोटांच्या रेषा पुसून जातात. मशीन लाल दिवा दाखवतं, पोस्टाचा माणूस "उद्या या" म्हणतो. आदल्या रात्री तिच्या बोटांना खोबरेल लावून ठेव, सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरडी कर, अंगठा चालला नाही तर मधलं बोट लावून बघ. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने नोंदवून घे. हे आई जरा उठून बसते आहे तोवर कर. नंतर तिला जीपमध्ये चढवायचं म्हणजे चार माणसं लागतील.

दवाखान्यासाठी वय वंदना कार्ड काढ. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. आधार कार्डावर होतं. पण नीट ऐक, हे पैसे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरी अंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार यातून निघत नाही, वृद्धाश्रमाचं बिल तर नाहीच. विम्यातून सगळं होईल असं मीही धरून चालले होते. आबांची फाइल घेऊन टेबलाटेबलावर फिरले, शेवटी एका कारकुनाने हसून चहा पाजला आणि समजावलं.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 च्या पुढच्यांना एकदाच 3,000 रुपये खात्यात येतात. कमोडची खुर्ची, काठी, चष्मा, असल्या वस्तूंसाठी. कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत लागतं. आले तर कमोडची खुर्चीच घे, दुसरं काही नको. त्या एका खुर्चीने भावजयीची कंबर वाचेल.

आणि पलंग? हस बाई, हस. मी आबांसाठी नाशिकहून मोटरवाला पलंग आणला. बटण दाबलं की डोकं वर, पाय वर. टेम्पोतून उतरवला तर दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली. मग आला जुलै. आपल्याकडच्या पावसात वीज जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, तुला ठाऊकच आहे. आबा डोकं वर, पाय वर अशा अवस्थेत संध्याकाळभर अडकले आणि मला म्हणाले, "सूनबाई, मला विमानात बसवलंस काय?" तेव्हा घ्यायचाच तर हँडल फिरवायचा पलंग घे, वापरलेला चालेल. हवेच्या गादीचंही तेच, तिला वीज लागते. दर दोन तासांनी कूस बदलणं मात्र फुकट आहे, आणि पाठीला जखम झाली तर तिच्याइतकं महाग दुसरं काही नाही.

खर्चात पाणीही धर. एप्रिल-मे महिन्यात पाड्यावर टँकरची वाट बघावी लागते आणि अंथरुणातल्या माणसाला साध्या माणसाच्या दुप्पट पाणी लागतं. आईच्या नावाचं एक वेगळं पिंप ठेवायला सांग, त्यातून चहालाही पाणी काढायचं नाही.

आता जमिनीचं. दादा म्हणतोय ना, "थोडी जागा काढून टाकू, आईचं भागेल"? तुमची निम्मी जमीन वनपट्ट्याची आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही, ती फक्त वारसाला जाते. सातबाऱ्यावरची जी आहे तीही आदिवासीची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला देता येत नाही. तेव्हा कुणी गोड बोलून "नुसता करार करू, आईच्या औषधाचे पैसे आज देतो" म्हणत आला तर त्याला चहासुद्धा देऊ नकोस. शहरात म्हातारी माणसं राहतं घर बँकेकडे ठेवून त्यावर महिन्याला पैसे घेतात, तशी सोय आहे, पण बँक घराचे चोख कागद मागते. पाड्यावरच्या घराचं ते काम नाही. उलट आईने कधी काही कुणाच्या नावे केलंच, तर बक्षीसपत्रात "तिला सांभाळायचं" ही अट लिहून घ्या. अट असली आणि सांभाळलं नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते रद्द करून मागता येतं.

त्याच कायद्याने मुलांकडून महिना 10,000 पर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, अर्ज जव्हारला प्रांतांकडे. पण दादावर ते अस्त्र काढायची वेळ येणार नाही. तो वाईट नाही, नुसता लांब आहे. त्याला वहीचा फोटो पाठव.

आमचं म्हणशील, तर आबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यामुळे पेन्शन होतं. तरी मी शहाणपणा केलाच. त्यांची निवृत्तीची रक्कम व्याज साठत जाणाऱ्या ठेवीत टाकली. व्याज पाच वर्षांनी मिळणार आणि डायपर आज हवेत! नंतर ती मोडून पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातली. तिथे 10 लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 20,500 रुपये हातात येतात. तुझ्या ओळखीत कुणा निवृत्त माणसाकडे अशी रक्कम असेल तर त्यांना हे सांग. आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. मी एक वर्ष विसरले, तर समोर बसून भाकरी खाणाऱ्या आबांचं पेन्शन थांबलं.

आणि बघ, संस्थेत ठेवणं म्हणजे पाप, असं मी मुळीच म्हणत नाही. आबांना आम्ही एका पावसाळ्यात दोन महिने नाशिकला ठेवलं होतं. रस्ता बंद, माझी कंबर धरलेली, दुसरा इलाज नव्हता. लोक बोलले. बोलणाऱ्यांपैकी एकानेही आबांची कूस बदलली नव्हती. तिथे सेवा चांगली होती, पण पोळीला कंटाळून आबा नागलीच्या भाकरीसाठी हटून बसायचे, मग रस्ता सुरू झाल्यावर मी दर रविवारी एसटीने डबा घेऊन जायचे. तुझ्यावर तशी वेळ आली तर आवणीच्या दोन महिन्यांपुरतं बघ, पैसे तेवढ्यापुरते साठव. ठरवण्याआधी विचार की रात्री किती माणसांमागे एक आया असते, अनामत परत मिळते का, दर वर्षी किती वाढ होते, अचानक रुग्णालयात न्यायचं झालं तर कोण नेतं. आणि आईची बोली तिथे कुणाला समजते का? तिने रात्री पाणी मागितलं तर कळायला हवं ना कुणाला तरी.

तेव्हा दसऱ्याच्या आत ये. सोमवारी सकाळच्या गाडीने निघ, बायकांना तिकीट अर्धं आहे, तेवढे वाचतील. आईचं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि तीन फोटो घेऊन ठेवायला भावजयीला आजच फोन करून सांग. मी जव्हारहून निघून मोखाड्याच्या स्टँडवर थांबते, तिथून तहसीलला दोघी जाऊ. जेवायचं मी आणते. आणि येताना त्या पोरीसाठी एक चांगली साडी घे गं, आईच्या नावाने नको, तुझ्या नावाने.